बर्नर बदलले की संच गॅसवर येतो का?

प्रश्न: 210 मेगावॉटचा जुना कोळशाचा संच नैसर्गिक वायूवर चालवता येईल का? बर्नर बदलले की पुरे ना? – एक वाचक, चंद्रपूर

उत्तर: चालवता येतो. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात सनडान्स आणि कीपहिल्स इथले संच 2021 मध्ये असेच गॅसवर आले. पण बर्नर हा या कामाचा सोपा भाग आहे. खरी कसोटी लागते ती भट्टीतली उष्णता कुठे किती शोषली जाते, यावर.

कोळशाची ज्योत पिवळी असते. तिच्यातले तापलेले कण वॉटर वॉलवर, म्हणजे पाण्याच्या नळ्यांनी बनलेल्या भट्टीच्या भिंतींवर, भरपूर उष्णता फेकतात. गॅसची ज्योत जवळजवळ पारदर्शक, म्हणून ती कमी फेकते. दुसरीकडे राख नसल्याने नळ्यांवर स्लॅग (वितळून चिकटलेल्या राखेचा थर) चढत नाही आणि भिंती जास्त उष्णता घेतात. हे दोन परिणाम एकमेकांच्या विरुद्ध जातात, त्यामुळे शेजारच्या केंद्राचा अनुभव आपल्या बॉयलरला लावू नका. आधी संगणकावर पूर्ण, निम्म्या आणि किमान भाराचा औष्णिक हिशेब करून घ्या. भट्टीबाहेर पडणारा वायू जास्त तापला, तर सुपरहीटर-रीहीटरच्या, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांचा धातू तापमानाची मर्यादा ओलांडतो; मग वाफ थंड करणाऱ्या पाण्याच्या स्प्रेची क्षमता वाढवावी लागते किंवा काही नळ्या वरच्या दर्जाच्या पोलादाच्या घालाव्या लागतात. उलट वाफ 540 अंशांपर्यंत पोहोचतच नसेल, तर फ्लू गॅसचा (ज्वलनानंतर बाहेर पडणाऱ्या वायूचा) काही भाग पंख्याने पुन्हा भट्टीत आणतात. त्याने नायट्रोजन ऑक्साइडही घटतात.

भट्टीतला वायू चिमणीकडे ओढणाऱ्या आयडी फॅनकडे हमखास दुर्लक्ष होते. ईएसपी (धुरातली राख विजेने पकडणारे यंत्र) बाजूला काढला की मार्गातला अडथळा कमी होतो आणि तोच पंखा जास्त ओढतो. त्यातच ट्रिप झाल्यावर, म्हणजे संच अचानक बंद पडल्यावर, गॅसची ज्योत क्षणात विझते, वायू आकसतो आणि भट्टीच्या भिंती आत ओढल्या जाण्याचा धोका उभा राहतो. भिंतींचे आधार आणि पंख्याचे नियंत्रण यांची तपासणी टाळू नका.

प्रश्न: सुरक्षिततेत वेगळे काय करावे लागते?

उत्तर: प्रत्येक बर्नरला गॅस बंद करणारे दोन शट-ऑफ व्हॉल्व्ह आणि त्यांच्या मधे व्हेंट (बाहेर उघडणारी वाट) हवा, म्हणजे पहिला गळला तरी गॅस भट्टीत न जाता वर निघून जातो. फ्लेम स्कॅनर, म्हणजे ज्योत पेटली आहे का हे पाहणारे उपकरण, गॅसच्या ज्योतीतले अतिनील किरण ओळखणारा घ्या. फक्त कोळशाच्या ज्योतीसाठी बसवलेला स्कॅनर इथे फसू शकतो. पेटवण्याआधी पूर्ण भाराच्या किमान 25 टक्के हवेने भट्टीची हवा निदान पाच वेळा बदलली पाहिजे, आणि याला बायपास ठेवू नये.

नवी गॅस लाइन साफ करताना गॅसचाच झोत कधीही सोडू नका. 7 फेब्रुवारी 2010 रोजी अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये, मिडलटाउनच्या बांधकाम चालू असलेल्या वीजकेंद्रात याच पद्धतीने स्फोट झाला आणि सहा जण दगावले. संपीडित हवेने काम होते.

प्रश्न: गॅस किती लागेल? परवडेल का?

उत्तर: एक युनिट विजेला 2450 किलोकॅलरी उष्णता लागते आणि एका घनमीटर गॅसमधून 9300 मिळते असे धरले, तर 210 मेगावॉटला ताशी सुमारे 55 हजार घनमीटर लागतात, पूर्ण भाराने दिवसाला 13 लाख. मिथेनच्या प्रत्येक किलोतून सव्वादोन किलो पाणी तयार होते. ते वाफ होऊन चिमणीतून जाताना उष्णता घेऊन जाते, म्हणून बॉयलरची कार्यक्षमता कोळशापेक्षा दोन-तीन टक्क्यांनी घसरते. मिल, कन्व्हेयर आणि राखेचे पंप बंद झाल्याने काही वीज वाचते, एवढीच भरपाई.

गॅस दर दशलक्ष बीटीयूला (उष्णतेचे ब्रिटिश एकक) 10 डॉलर असेल, तर केवळ इंधनाचा खर्च युनिटमागे जवळपास 9.7 सेंट येतो. नव्या कंबाइंड सायकलमध्ये (गॅस टर्बाइन आणि तिच्या उष्णतेवर चालणारी वाफेची टर्बाइन अशा जोडीच्या केंद्रात) युनिटला 1900 किलोकॅलरी पुरतात, म्हणून तो 7.5 सेंट पडतो. कार्बन डायऑक्साइडचेही तसेच: कोळशावर युनिटला सुमारे एक किलो, जुन्या बॉयलरमध्ये गॅस जाळून अर्धा किलोच्या आसपास, कंबाइंड सायकलमध्ये 0.4. त्यामुळे वर्षभर पायाभूत भाराला चालवायचे असेल, तर जुना बॉयलर गॅसवर आणणे आम्हाला पटत नाही. थोडे तास, गरजेपुरता राखीव संच म्हणून ते योग्य आहे.

आणि दीर्घ मुदतीचा गॅस करार हातात आल्याशिवाय एकही पाइप उतरवू नका. उरणचे 672 मेगावॉटचे केंद्र तर मुळातच गॅससाठी बांधलेले, तरी पुरवठा तुटल्यामुळे त्याला क्षमतेपेक्षा कमीच चालावे लागले आहे.