अंगावर जातंय ना? मग आधी हिमोग्लोबिन सांगा

बर्मिंगहॅमहून एका ताईंचं लांबलचक पत्र आलंय. मूळच्या लातूरच्या, वय ४३, नोकरी करतात, दोन लेकरं आहेत. प्रश्न बरेच विचारलेत, पण पहिला प्रश्न त्या इतक्या सहज लिहून पुढं सरकल्यात की मी तिथंच थांबले. त्या लिहितात:

"वर्षभरापासून पाळी आठ-नऊ दिवस चालते. पहिले तीन दिवस फार जातं. रात्री दोन पॅड एकदम लावते, गादीवर जुना टॉवेल टाकते. सासूबाईंनी गावाकडून अशोकाची साल, शतावरी आणि त्यांच्या ओळखीच्या वैद्यांच्या पुड्या पाठवल्यात. घेतलं की बरं वाटतं. जिना चढताना धाप लागते, पण आता वय झालं म्हणायचं. इथल्या डॉक्टरला आपल्या औषधातलं काय कळतं, म्हणून गेले नाही. शतावरी दुधातून घ्यावी का पाण्यातून?"

ताई, दुधातून का पाण्यातून, हे मी आज सांगणार नाही. तुमचं हिमोग्लोबिन किती आहे ते सांगा. एवढ्या मोठ्या पत्रात तुम्ही सालीचं माप लिहिलंत, पुड्यांचा रंग लिहिलात, दूध केव्हा पिता ते लिहिलंत. रक्ताचा आकडा मात्र कुठंच नाही. बायकांच्या पत्रांत मी तोच आधी शोधते आणि बहुतेक वेळा तो नसतो.

आपल्याकडं पोरीला लहानपणापासून शिकवलं जातं की अंगावर जाणं हे बाईच्या जातीला असतंच, त्याची काय वाच्यता करायची. ते शिक्षण आपण विमानात बसवून इकडं घेऊन आलो. म्हणून जरा रोखठोक सांगते. पाळी सात दिवसांच्या वर चालणं, तास-दोन तासांत पॅड भरणं, दोन पॅड एकदम लावावे लागणं, दहा पेन्सच्या नाण्यापेक्षा (साधारण अडीच सेंटीमीटर) मोठ्या गाठी पडणं, यातलं एकही होत असेल तर ते 'जास्त जाणं' आहे. तुमच्या पत्रात यातल्या दोन गोष्टी आहेत. वर जिन्यात धाप लागते. ४३ हे काय धाप लागायचं वय आहे का हो? तुमच्या सासूबाई या वयात डोक्यावर पाण्याची घागर घेऊन चालत असतील.

माझी मावशी माजलगावकडची. तिलाही तिशी उलटल्यावर असंच जायला लागलं. आजीनं काय काय केलं! दुर्वांचा रस, तांदळाचं धुवण, उंबराच्या सालीचा काढा. आजीची माया खरी होती आणि घरात दुसरं काही हाताशी नव्हतं. मावशी निवडायला घेतलेल्या सुपातले कच्चे तांदूळ सारखे तोंडात टाकायची. आम्ही पोरं तिला हसायचो. अंगातलं लोह संपत आलं की माणसाला माती, खडू, कच्चे तांदूळ असलं काहीबाही खावंसं वाटतं, हे तेव्हा घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. इकडं राहणाऱ्या बायका बर्फाचे खडे चघळतात. ताई, तुम्ही चघळता का, तेही कळवा. शेवटी मावशी चक्कर येऊन मोरीत पडली. तेव्हा तालुक्याच्या एका दवाखान्यात नेलं, आणि तिथं पहिल्याच फेरीत गर्भाशयाची पिशवी काढायचं ठरलं. पिशवीबरोबर अंडाशयंही गेली. वय ३६. पुढं तिच्या हाडांचे जे हाल झाले ते मी डोळ्यांनी पाहिलेत.

आणि ही एकट्या मावशीची गोष्ट नाही. २०१९ मध्ये आपल्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. फडात एक दिवस खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. मग पाळी नको, पांढरं जाणं नको, पिशवीच नको, असं त्या बायांना वाटलं तर दोष कुणाला द्यायचा? त्यांच्याजवळ वेळ नव्हता, पैसा नव्हता, समजावून सांगणारं माणूस नव्हतं. तुमच्याजवळ तिन्ही आहे. जीपीकडं, म्हणजे इंग्लंडातल्या आपल्या भागातल्या नेहमीच्या डॉक्टरकडं, जायला फी नाही, रक्ताच्या तपासणीला पैसे पडत नाहीत. तरी तुम्ही वर्षभर पुड्या घेत बसलात, याचा मला खरंच राग आला.

अंगावर जास्त जाण्याची कारणं बरीच असतात. पिशवीत फायब्रॉइडच्या गाठी असतील, पॉलिप असेल, थायरॉइड बिघडलं असेल, तांबी बसवलेली असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल. अशोकाला आयुर्वेदात मान आहे, मी तो नाकारत नाही. पण गाठ आहे की थायरॉइड, हे साल सांगू शकत नाही. ते सोनोग्राफी आणि रक्त सांगतं. आणि डॉक्टरकडं गेलं की सरळ ऑपरेशन, ही भीती मनातून काढा. माझ्या धाकट्या जावेला परभणीत असाच त्रास झाला. हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. तिला फायब्रॉइड निघाले. शिरेतून लोह दिलं, रक्त कमी जायच्या गोळ्या दिल्या, मग पिशवीत हार्मोनची कॉइल बसवली. पिशवी जाग्यावर आहे आणि जाऊबाई सकाळी गल्लीतल्या बायकांना घेऊन फिरायला जातात.

वैद्यांच्या पुड्यांबद्दल मात्र स्पष्ट बोलते. पुडीवर नाव नाही, घटक लिहिलेले नाहीत, तर ती बंद करा आणि जीपीला नेऊन दाखवा. २००४ साली अमेरिकेत बोस्टनच्या परिसरातल्या भारतीय आणि दक्षिण आशियाई दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली, तर १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. शिशानं पोट दुखतं, थकवा येतो, आणि रक्तही कमी होतं. म्हणजे ज्यासाठी पुडी घ्यायची तेच वाढायचं. तुम्ही पुड्या वर्षभर घेतल्यात, तर डॉक्टरांना रक्तातलं शिसंही तपासायला सांगा. डॉक्टरला आपल्या औषधातलं कळत नाही म्हणता, पण तुम्ही काय पोटात घालताय हे लपवल्यावर त्यांना कळावं तरी कसं?

तपासणीत हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन सांगा. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. फेरिटिन म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तो त्याच्या आधीच उतरू लागतो. आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. आपण देश सोडला म्हणून अंगातलं लोह आपोआप वाढत नाही. थाळी तीच आहे, चहाही तोच.

चहावरून आठवलं. लोहाच्या गोळ्या दिल्या तर 'उष्ण पडतात' म्हणून टाकून देऊ नका. शौचाला काळी होते, ती लोहामुळं, घाबरायचं नाही. पोट बांधलं तर डॉक्टरला सांगून एक दिवसाआड घ्या. गोळी चहाबरोबर, दुधाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. हिमोग्लोबिन वर आल्यावरही साधारण तीन महिने चालू ठेवावी लागते, कारण साठा भरायचा असतो. थायरॉइडची गोळी असेल तर दोन्हींत चार तास जाऊ द्या. आणि जेवण झालं की लगेच कपभर चहा, ही आपली मराठवाड्याची सवय सोडा, तासभर थांबा, चहानं लोह अंगाला कमी लागतं.

स्वयंपाकघरातला उपाय मला मान्य आहेच, तो इथं कामाला येतो. अळीव लिंबाच्या पाण्यात भिजवून घ्या. अंबाडीची भाजी, मेथीची भाजी लोखंडी कढईत करा. कारळाची चटणी भाकरीबरोबर रोज असू द्या. गुळाचा मात्र फार भरवसा धरू नका, त्यात लोह थोडं आणि साखर पुष्कळ. पण हे सगळं गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नाही. दर पाळीला जेवढं जातंय तेवढं अळीव भरून काढू शकत नाही.

आता बाकीचे प्रश्न. १४ वर्षांच्या लेकीचं पोट दुखतं: गरम पाण्याची पिशवी द्या, आल्याचा चहा द्या, ओवा तिला आवडत नाही तर राहू द्या. दम्याचा किंवा पोटाचा त्रास नसेल तर काहीतरी खाऊन आयबुप्रोफेन चालतं. दर महिन्याला शाळा बुडत असेल तर डॉक्टरकडं न्या, आणि "लग्न झालं की थांबतं" हे वाक्य तिच्यासमोर कधीही बोलू नका.

अंगावरून पांढरं जातं म्हणून तुरटीच्या पाण्यानं आतून धुता, ते आजपासून बंद. आतलं धुवायचं नसतं, बाहेरून साधं पाणी पुरे. खाज आणि दह्यासारखं जात असेल तर बहुधा बुरशी आहे, औषध मिळतं. सारखं होत असेल तर साखर तपासा. वास किंवा रंग बदलला तर दाखवून या.

केस गळतात, ते फेरिटिन आल्यावर बोलू. अश्वगंधा तोवर नको, तिच्यानं यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. नणंदेच्या बाळंतपणाला डिंकाचे लाडू नेता, खुशाल न्या.

सासूबाईंना फोन करून सांगा की तुमची साल मिळाली, पण डॉक्टरनी आधी रक्त तपासायला सांगितलंय. माझं नाव सांगितलंत तरी चालेल. त्यांची पाळी जाऊन वर्ष उलटलं असेल आणि आता परत डाग दिसत असतील तर त्यांनाही लातूरात लगेच दाखवायला लावा. ते पुड्यांवर अजिबात ढकलायचं नाही.

सोमवारी जीपीची वेळ घ्या. रिपोर्ट आला की मला दोन्ही आकडे कळवा, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन. शतावरीचं मग बघू.