पाच दिवसांनी पुन्हा तोच पोरगा

प्रश्न: काका, नमस्कार. आमच्या बेसबॉल संघात यंदा पंचविशीच्या आतले तीन पिचर (चेंडू टाकणारे) आहेत. त्यातल्या डावखुऱ्याने मागच्या खेपेला सात इनिंगमध्ये एकही रन दिला नाही, अख्खं स्टेडियम उभं राहिलं होतं. आणि पुढच्याच मॅचला दुसऱ्या इनिंगमध्ये चार वॉक (चार वाईट चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा बेस), वर एक होमरन, आणि मॅनेजर चेंडू काढून घ्यायला माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) हजर. बाकी दोघांचीही हीच तऱ्हा. माझे सासरे म्हणतात, विकून टाका तिघांना आणि एखादा मुरलेला पिचर आणा. मुलगा म्हणतो, थांबा. मी दोघांच्या मधे अडकले आहे. किती थांबायचं? आणि आपण नुसत्या आशेवर थांबलोय की त्याला काही आधार आहे, हे कसं ओळखायचं?

उत्तर: तुमच्या पत्रातलं संघाचं नाव मी मुद्दाम गाळलंय. ते छापलं असतं तर मेजर लीगमधल्या उरलेल्या 29 संघांच्या वाचकांनी पान उलटलं असतं, आणि दुखणं तर सगळ्यांचं सारखंच.

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि पिचर टॉम ग्लॅविनचं 1988 साल त्यांच्यापुढे ठेवा. अटलांटा ब्रेव्हजने त्या वर्षी 54 मॅच जिंकल्या आणि 106 हरल्या. बावीस वर्षांचा ग्लॅविन 7 जिंकला, 17 हरला (मॅचचा विजय किंवा पराभव एकेका पिचरच्या नावावर मांडतात). नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक) त्याच्याइतक्या मॅच कोणीच हरलं नव्हतं. पण त्याच मोसमात त्याने 195 इनिंग टाकल्या, आणि मला बोलायचंय ते या आकड्याबद्दल. दर पाचव्या दिवशी पोरगा मार खात होता, तरी सहाव्या इनिंगपर्यंत बऱ्याचदा उभा असायचा. तीन वर्षांनी त्याला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला, ब्रेव्हज वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम लढतीत, पोचले, आणि कारकीर्द संपली तेव्हा त्याच्या नावावर 305 विजय होते.

म्हणून मी तरुण पिचरचा चांगला दिवस फारसा मोजतच नाही. सात इनिंग शून्य रन हे त्याच्यात काय दडलंय ते सांगतं, आणि ते तर संघाला ड्राफ्टच्या (नवे खेळाडू निवडण्याच्या) दिवशीच माहीत होतं. मी बघतो त्याचा वाईट दिवस. चेंडू हवा तिथे पडत नाही, स्लायडर वळत नाही, अंपायर कडेचे स्ट्राइक (पिचरच्या बाजूने मोजले जाणारे चेंडू) देत नाही, अशा दिवशी हा माणूस चार रन देऊन पाच इनिंग काढतो, की दुसऱ्या इनिंगमध्येच कोसळतो? एप्रिलमधला त्याचा वाईट दिवस आणि ऑगस्टमधला वाईट दिवस शेजारी ठेवून पाहा. कोसळणं कमी होत असेल तर ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावरचे रन, कमी तेवढे चांगले) कितीही कुरूप दिसू दे, मुलाचं ऐका.

असं कोसळण्यामागे काय असतं तेही सांगतो, कारण टीव्हीवरचे लोक ‘एकाग्रता गेली’ म्हणून मोकळे होतात. माउंडपासून होम प्लेट (बॅटरपाशी जमिनीत बसवलेली पाटी) 60 फूट 6 इंच. चेंडू सोडताना दिशा एका अंशाने चुकली तर प्लेटपाशी तो जवळजवळ एक फूट बाजूला जातो. प्लेटच मुळात 17 इंच रुंद. मुरलेला पिचर दोन चेंडूंत ओळखतो की आज खांदा लवकर उघडतोय, आणि तिसऱ्या चेंडूला सुधारतो. तरुणाला बिघडलंय एवढंच कळतं. मग तो आणखी जोर लावतो, आणि जोर लावला की आणखी बिघडतं. त्यात बॅटर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा समोर येतात तोवर त्यांनी फास्टबॉल आणि स्लायडर दोन्ही नीट पाहून घेतलेले असतात. तिसरा भरवशाचा चेंडू नसेल तर पाचवी इनिंग ही भिंत ठरते.

आपल्यातले बरेच जण क्रिकेटवर वाढलेले, म्हणून एक फरक विसरला जातो. बोलर भरकटला तर कॅप्टन त्याला फाइन लेगला उभा करतो आणि तासाभराने दुसऱ्या टोकाकडून आणतो. पिचरला एकदा बाहेर काढला की तो त्या मॅचमधून गेला. हरवलेली लय शोधायला त्याला पुढचे पाच दिवस वाट पाहावी लागते, आणि शोधायची कुठे, तर चाळीस हजार लोकांसमोर.

आता सासऱ्यांची बाजू, कारण ते सगळेच चुकीचे नाहीत. ग्लॅविनचं नाव घेणारे (मी धरून) न्यूयॉर्क मेट्सचं नाव सोयीस्करपणे विसरतात. नव्वदीच्या मध्यावर त्यांच्याकडे बिल पल्सिफर, जेसन इस्रिंगहाउझन आणि पॉल विल्सन असे तीन तरुण होते, आणि शहराने त्यांना ‘जनरेशन के’ म्हणून डोक्यावर घेतलं (‘के’ ही स्ट्राइकआउटची, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केल्याची खूण). विल्सन तर 1994 च्या ड्राफ्टमधला पहिलाच. तिघांचेही हात दुखावले. इस्रिंगहाउझनने पुढे 300 सेव्ह (शेवटी येऊन टिकवलेल्या निसटत्या आघाड्या) मिळवल्या, पण क्लोजर म्हणून, म्हणजे मॅच संपवायला येणारा पिचर म्हणून, आणि बहुतेक इतर संघांसाठी. मेट्सच्या चाहत्यांकडे धीर भरपूर होता. धीराने कोपर बरं होत नाही. तेव्हा तुमच्या डावखुऱ्याचे वॉक अचानक वाढले आणि वेगही उतरला, तर माझी पहिली शंका दुखापतीची असेल, मनाची नंतर.

तर, किती थांबायचं? माझं उत्तर एक पूर्ण मोसम आणि पुढच्या मोसमाचा अर्धा. पिचर ग्रेग मॅडक्स 1987 मध्ये 6-14 (6 विजय, 14 पराभव) होता, ईआरए 5.61. पुढच्या वर्षी 18-8. दीड मोसमानंतरही वाईट दिवस तेवढाच वाईट असेल, तर सासऱ्यांना फोन लावू द्या. फक्त तिघांचा हिशेब एकत्र करू नका. तिघांना विकणं आणि तिघांना सांभाळणं, दोन्ही आळसाचे निर्णय आहेत.

प्रश्न: तरुण पिचरला मायनर लीगमध्ये (खालच्या, तयारीच्या लीगमध्ये) परत पाठवलं तर तो मनाने खचत नाही का?

उत्तर: खचतोही. पण रॉय हॅलडे पाहा. टोरोंटो ब्लू जेजकडून 2000 साली त्याचा ईआरए होता 10.64. संघाने 2001 मध्ये त्याला थेट डनीडिनला, सगळ्यात खालच्या पायऱ्यांपैकी एका पायरीवर नेऊन ठेवलं. त्याच वर्षी मेल क्वीन या प्रशिक्षकाने त्याचा हात वरून येत होता तो थोडा बाजूने आणायला लावला. 2003 मध्ये त्याने 22 मॅच जिंकून साय यंग मिळवला.

उलटं उदाहरण सँडी कूफॅक्सचं. त्या काळच्या नियमानुसार मोठा बोनस घेतलेल्या खेळाडूला दोन वर्षं मुख्य संघातच ठेवावं लागे. त्यामुळे 1955 साली 19 व्या वर्षी तो डॉजर्सच्या बाकावर बसला आणि शिकायचं ते मोठ्या मैदानावर, अधूनमधून मिळालेल्या इनिंगमध्ये शिकला. 1960 पर्यंत त्याचा हिशेब 36-40. ‘थोडा जोर कमी कर’ हा कॅचर नॉर्म शेरीचा सल्ला कामी आला तो 1961 मध्ये. आज खेळाडूला तीन ऑप्शन वर्षं असतात, म्हणजे तेवढे मोसम त्याला खाली-वर करता येतं. एका मोसमात पाचपेक्षा जास्त वेळा खाली धाडता येत नाही. माझी तक्रार पाठवण्याबद्दल नाहीच. काय दुरुस्त करायचं ते न ठरवता केवळ रोस्टरमधली (संघाच्या यादीतली) जागा हवी म्हणून पाठवतात, त्याबद्दल आहे.

प्रश्न: आपल्याच पिचरची हुर्यो उडवावी का?

उत्तर: तिकिटाचे पैसे तुमचे, घसा तुमचा. मी उडवत नाही. उडवायचीच झाली तर 110 चेंडू टाकून दमलेल्या पोराला आणखी एक इनिंग ठेवणाऱ्या मॅनेजरची उडवा.

प्रश्न: ताशी 98 मैल वेगाने टाकतो, तरी मार का खातो?

उत्तर: कारण तो 98 मैलांचाच टाकतो. नोलन रायनइतका वेग कोणाकडे होता? तरी चेंडू कुठे जाईल याचा नेम नाही म्हणून मेट्सने डिसेंबर 1971 मध्ये त्याला आणखी तिघांसह एका जिम फ्रेगोसीच्या बदल्यात देऊन टाकलं. फ्रेगोसी दुसऱ्या मोसमाच्या मध्यावर मेट्समधून गेला. रायन 5,714 स्ट्राइकआउट घेऊन निवृत्त झाला, आणि 2,795 वॉक देऊन. दोन्ही विक्रमच. त्याचं कर्व्हबॉलवर (हळू, वळत खाली पडणाऱ्या चेंडूवर) बसलेलं प्रेम लोक विसरतात. तुमच्या पिचरचा काउंट दोन बॉल आणि शून्य स्ट्राइक असा झाला की बघा. तिथे फास्टबॉलच येणार हे बॅटरला ठाऊक असतं. तिथे चेंजअप (मुद्दाम हळू टाकलेला चेंडू) टाकायची छाती झाली, आणि तो स्ट्राइक पडला, की मला पुन्हा पत्र लिहा.