प्रशिक्षणाला एकटी जाऊ नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. ऑगस्टमध्ये तू व्हर्जिनियातल्या एका एचबीसीयूमध्ये, म्हणजे मुळात कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेल्या विद्यापीठात, संगणकशास्त्र शिकवायला रुजू होते आहेस. पीएचडी मशीन लर्निंगमधली, आणि विभागाने हातात ठेवला सायबर सुरक्षेचा कोर्स. आधी कुठलं सर्टिफिकेशन करू, असं तू विचारलंस. त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे, पण त्याआधी एक गोष्ट ठरव: तुझ्याबरोबर दुसरं कोण शिकणार?

हे इतकं आवर्जून का सांगतोय, ते कळायला या संस्थांची घडण माहीत हवी. अमेरिकेच्या १९६५च्या उच्च शिक्षण कायद्याप्रमाणे १९६४पूर्वी स्थापन झालेल्या आणि कृष्णवर्णीयांचं शिक्षण हेच मुख्य काम असलेल्या संस्थांना एचबीसीयू म्हणतात. आज त्या सुमारे शंभर आहेत. आपल्याकडे घरोघरी ठाऊक असलेले कार्व्हर १८९६मध्ये ज्या टस्कगीला गेले, ती त्यांतलीच एक. राज्य सरकारांनी पिढ्यान्‌पिढ्या यांना हात आखडून पैसा दिला आणि त्याचा परिणाम प्रयोगशाळांवर, प्राध्यापकांच्या संख्येवर अजून दिसतो. विभाग छोटा, प्रत्येकावर सत्राला तीन-चार कोर्स, आणि सुरक्षा शिकवणारा माणूस बहुधा एकच. तो जास्त पगारावर कंपनीत गेला की कोर्सचं नाव कॅटलॉगमध्ये राहतं आणि शिकवायला कुणी उरत नाही. अनुदानातून घेतलेले सर्व्हर धूळ खात पडतात, कारण पासवर्ड आणि लॅबच्या नोंदी त्याच्याबरोबर गेलेल्या असतात. एका माणसाला तयार करणं म्हणजे विभाग तयार करणं नव्हे, हे या संस्थांनी फार सोसून पाहिलं आहे.

म्हणून जोडीदार शोध, आणि तो शक्यतो तिथे मुरलेला, टेन्युअर (कायम नेमणूक) असलेला, कुठे न जाणारा असा शोध. तो संगणकशास्त्राचाच हवा असं नाही. गणिताच्या प्राध्यापकाला क्रिप्टोग्राफी (गुप्तलेखनशास्त्र) जमते. व्यवसाय प्रशासनातल्या माणसाला जोखीम, धोरण, कायदा हे तुझ्यापेक्षा चांगलं शिकवता येईल. क्रिमिनल जस्टिसचा विभाग असेल तर डिजिटल फॉरेन्सिक्ससाठी, म्हणजे संगणकावरचे पुरावे तपासण्याच्या विषयासाठी, तिथेही विचार.

पैशाची वाट सांगतो. त्याच १९६५च्या कायद्याच्या टायटल थ्रीचा भाग बी खास एचबीसीयूंसाठी आहे, आणि त्यातून प्राध्यापकांच्या विकासावर खर्च करायला कायद्यानेच मुभा दिली आहे. तुझ्या विद्यापीठात टायटल थ्रीचं वेगळं कार्यालय असेल. बहुतेक नवे प्राध्यापक तिकडे फिरकतच नाहीत. उन्हाळी प्रशिक्षणासाठी मे महिन्यात विचारशील तर पैसे वाटून झालेले असतील. हिवाळी सुट्टीनंतर लगेच जा. एका पानाचं टिपण ने: कुठलं प्रशिक्षण, दोन नावं, कुठल्या कोर्समध्ये कुठली लॅब येणार, कुठल्या सत्रात, किती विद्यार्थी. 'कौशल्यवृद्धी' असं मोघम लिहिलेलं टिपण मागे पडतं, कारण त्या कार्यालयालाही वॉशिंग्टनला अहवाल द्यावा लागतो आणि त्यात आकडे लागतात.

दुसरी वाट एनएसएफच्या, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या, एचबीसीयू-यूपी कार्यक्रमाची. त्यातला टार्गेटेड इन्फ्युजन हा प्रकार नेमका अभ्यासक्रम सुधारण्यासाठी आहे, आणि तुझ्यासारख्या नव्या संशोधकाला रिसर्च इनिशिएशन अवॉर्ड. केंद्राचे कार्यक्रम हल्ली वरचेवर बदलतात, म्हणून जुन्या माहितीपत्रकावर विसंबू नकोस. चालू वर्षाची जाहिरात वाच. तू एच-वन-बीवर आहेस, ते इथे महत्त्वाचं ठरतं. एनएसएफचा अर्ज विद्यापीठ करतं, त्यामुळे तू मुख्य संशोधक होऊ शकतेस. पण ऊर्जा विभागाच्या व्हिजिटिंग फॅकल्टी प्रोग्रॅमला, म्हणजे राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या दहा आठवड्यांच्या उन्हाळ्याला, नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. तिथे जोडीदाराला पाठव. तो सोबत विद्यार्थीही नेऊ शकतो. आणि बाहेरच्या कुठल्याही कार्यशाळेने मानधन देऊ केलं, तर हो म्हणण्याआधी विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला लेखी विचार. तुझा व्हिसा तुझ्या विद्यापीठातल्या नोकरीपुरता आहे.

आता प्रत्यक्ष शिकण्याचं. व्याख्यानांवर वेळ घालवू नकोस; पहिला उन्हाळा पूर्णपणे लॅबला दे. सुरुवात सीड लॅब्ज या सुरक्षेच्या तयार प्रात्यक्षिकांपासून कर. सिरॅक्यूज विद्यापीठातल्या वेनलियांग डू यांनी २००२पासून हा संच उभा केला आहे, तो फुकट आहे आणि वर्गात वर्षानुवर्षं घासून निघालेला आहे. सगळ्या लॅब करायच्या नाहीत. एका सत्रात पाच-सहा होतात, त्याहून जास्त घेणारा वर्गाला फरफटत नेतो. बफर ओव्हरफ्लो, एसक्यूएल इंजेक्शन, टीसीपीवरचे हल्ले, एआरपी पॉयझनिंग, पब्लिक की प्रमाणपत्रं, फायरवॉल: एवढ्यात सत्र भरतं.

बफर ओव्हरफ्लोचंच बघ, म्हणजे नेमून दिलेल्या जागेपेक्षा जास्त माहिती कोंबून प्रोग्रॅमला हवं तिकडे वळवणारा हल्ला, कारण पहिल्या वर्षी शिक्षक इथेच अडकतो. या लॅबमध्ये आधी तीन संरक्षणं बंद करावी लागतात: कर्नलचं अॅड्रेस रँडमायझेशन (मेमरीतले पत्ते दर वेळी बदलणं), कंपायलरचा स्टॅक गार्ड (स्टॅक, म्हणजे प्रोग्रॅमची तात्पुरती मेमरी, बिघडली की प्रोग्रॅम थांबवणारा), आणि स्टॅकवरचा कोड चालू न देणारं बंधन. शेवटची दोन कंपाइल करताना बंद होतात आणि त्या प्रोग्रॅमपुरती तशीच राहतात. पहिलं मात्र चालू सिस्टिमवर बंद केलेलं असतं. मशीन रीस्टार्ट झालं की ते पुन्हा सुरू होतं. मग मंगळवारी ज्याचा हल्ला यशस्वी झाला तो मुलगा गुरुवारी तोच प्रोग्रॅम चालवतो आणि तो 'सेगमेंटेशन फॉल्ट' दाखवून कोसळतो. मुलगा तासभर आपल्या कोडमध्ये चूक शोधत बसतो, आणि ती तिथे नसतेच.

दुसरा अडथळा डीबगरचा, म्हणजे प्रोग्रॅम पायरीपायरीने तपासणाऱ्या साधनाचा. डीबगरमध्ये दिसलेला बफरचा पत्ता आणि प्रोग्रॅम थेट चालवतानाचा पत्ता एक नसतो, कारण डीबगर स्वतःची काही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स घालतो, ती स्टॅकवर बसतात आणि बाकी सगळं थोडं सरकतं. म्हणून शेलकोडच्या (हल्ल्यासाठी घुसवलेल्या कोडच्या) आधी नॉप, म्हणजे काहीच न करणाऱ्या, सूचनांची लांब पट्टी ठेवायची आणि परतीचा पत्ता तिच्या मधोमध कुठेतरी टाकायचा. थोडं सरकलं तरी गाडी पट्टीवरच येते. तिसरा: शेल (आज्ञा देण्याची खिडकी) उघडतं, पण रूट, म्हणजे मशीनचे सर्वाधिकार, मिळत नाहीत. उबुंटूचा डॅश शेल सेट-यूआयडी (मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्या) प्रोग्रॅममधून सुरू झाल्याचं ओळखतो आणि स्वतःहून अधिकार सोडून देतो. त्याऐवजी झेड शेल जोडायची सूचना लॅबमध्ये असते, पण ती एक ओळ घाईत निसटते.

हे तिन्ही अडथळे तुम्ही दोघांनी जूनमध्येच अनुभवायला हवेत. रीत अशी ठेव: एकाने लॅब करायची, दुसऱ्याने शेजारी बसून कुठे किती मिनिटं गेली ते लिहायचं, पुढच्या लॅबला अदलाबदल. तुम्हाला एक तास लागला तर वर्गाला तीन लागतील असा हिशेब धर. या नोंदी विभागाच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेव, स्वतःच्या लॅपटॉपवर नव्हे.

मुलांच्या मशीनचाही विचार कर. आठ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनला चार दिली की ब्राउझर गुदमरतो. अॅपलच्या नव्या चिपवर इंटेलसाठी बनवलेली इमेज चालत नाही. त्यासाठी वेगळी आवृत्ती लागते आणि बफर ओव्हरफ्लोचा शेलकोडही बदलतो. तुझ्या वर्गातली बरीच मुलं नोकरी करून शिकणारी असतील. नवा लॅपटॉप घ्या, असं त्यांना सांगणं अन्यायाचं आहे. विभागाच्या खोलीत दहा-बारा चांगली मशीन संध्याकाळी उघडी ठेवता आली तर तुझ्या कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा ते जास्त उपयोगी पडेल.

हल्ल्याच्या लॅब कॅम्पसच्या नेटवर्कवर कधीही होऊ देऊ नकोस. व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क ब्रिज्ड (बाहेरच्या नेटवर्कला जोडलेलं) राहिलं आणि एआरपी पॉयझनिंग, म्हणजे खोटे पत्ते पसरवून दुसऱ्यांची माहिती आपल्याकडे वळवणं, सुरू झालं, तर मुलांच्या हल्ल्याचे डेटा-पॅकेट वसतिगृहाच्या गेटवेपर्यंत पोचतात. होस्ट-ओन्ली (त्या मशीनपुरतंच) सेटिंग प्रत्येकाच्या स्क्रीनवर स्वतः पाहा. सत्राआधी आयटीच्या प्रमुखांना लॅबच्या तारखा लेखी कळव, आणि मुलांकडून परवानगीच्या मर्यादेची सही घे. अमेरिकेत परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकात शिरणं गुन्हा ठरवणारा १९८६चा कॉम्प्युटर फ्रॉड अँड अब्यूज अॅक्ट आहे. विद्यार्थी होतो ही त्यापुढे सबब नाही.

आयटीच्या लोकांशी मैत्री एरवीही कर. सप्टेंबर २०२१मध्ये रॅन्समवेअरमुळे (खंडणीसाठी माहिती कुलूपबंद करणाऱ्या हल्ल्यामुळे) हॉवर्ड विद्यापीठाला, जे एचबीसीयूच आहे, वर्ग रद्द करावे लागले होते. विद्यार्थ्यांच्या आर्थिक मदतीची माहिती हाताळणाऱ्या कॉलेजांना केंद्राचा सेफगार्ड्स (माहिती-सुरक्षेचा) नियम लागू आहे, आणि त्याची सुधारित कलमं जून २०२३पासून अमलात आली: मल्टिफॅक्टर लॉगिन, लेखी जोखीम-तपासणी, जबाबदार अधिकारी. ही जोखीम-तपासणी तुझ्या वरच्या वर्गातल्या मुलांना शिकायला मिळाली, अर्थात खरी वैयक्तिक माहिती न दाखवता, तर आयटीला मदत होईल आणि मुलांच्या रेझ्युमेत खरं काम येईल.

सर्टिफिकेशन: सिक्युरिटी प्लस ही पायाभूत परीक्षा कर, तेवढं पुरे. नव्वद मिनिटं, जास्तीत जास्त नव्वद प्रश्न, १०० ते ९००च्या मापावर ७५० गुण. ते करायचं ते तुझ्या ज्ञानासाठी फारसं नाही. तुझी मुलं ती परीक्षा देणार आहेत आणि संरक्षण खात्याच्या कामांना ती विचारली जाते, म्हणून. सीआयएसएसपी या वरच्या पातळीच्या प्रमाणपत्राच्या मागे आत्ता लागू नकोस. पूर्ण प्रमाणपत्राला पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो.

दोन-तीन वर्षांनी एनएसएच्या, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा एजन्सीच्या, सेंटर ऑफ अॅकॅडमिक एक्सलन्स या मान्यतेचा विषय निघेल. त्याची तयारी आजपासून सुरू होते, कारण तिथे पुरावा मागतात. आधी अभ्यासक्रम तपासला जातो, मग संस्था. पदवीच्या अभ्यासक्रमाला बावीस नॉलेज युनिट्स (ठरवून दिलेले विषयघटक) दाखवावी लागतात: तीन पायाभूत, पाच गाभ्याची, चौदा निवडीची. कॉलेजं अडखळतात ती शिकवलं नाही म्हणून नव्हे. शिकवलेलं असतं, पण सिलॅबसमध्ये त्या युनिटचा परिणाम लिहिलेला नसतो, किंवा विद्यार्थ्यांचं तपासलेलं काम कुणी ठेवलेलं नसतं. प्रत्येक लॅबचे तीन अहवाल, एक उत्तम, एक मध्यम, एक कच्चा, नावं झाकून जपून ठेव. मान्यता पाच वर्षांची असते, तेव्हा हे काम पुन्हा येणारच.

शेजारच्या संस्थांचाही आधार घे. जानेवारी २०१५मध्ये ऊर्जा विभागाने सायबर सुरक्षेच्या शिक्षणासाठी पाच वर्षांचे अडीच कोटी डॉलर जाहीर केले, तेव्हा तेरा एचबीसीयू आणि दोन राष्ट्रीय प्रयोगशाळा एकत्र होत्या, आणि पुढाकार नॉरफोक स्टेटचा होता. ते विद्यापीठ तुझ्याच राज्यात आहे. तिथल्या प्राध्यापकांना भेटायला आमंत्रणाची वाट पाहू नकोस.

आणि एक लगेच करण्यासारखं. सीड लॅब्जची शिक्षकांसाठीची उत्तरं फक्त खऱ्या शिक्षकांनाच मिळतात. अशा ठिकाणी विद्यापीठाचा ईमेल बघतात, आणि विभागाच्या वेबपेजवर तुझं नाव आहे का तेही. नव्या माणसाचं नाव तिथे चढायला कधी कधी ऑक्टोबर उजाडतो. विभागाच्या सचिवांना आजच लिही, ईमेल जुलैतच सुरू करून मागा आणि पेजवर दोघांच्या नावापुढे 'सायबर सुरक्षा' घालून घ्या.

तुझे सर