रुग्णभेटीच्या सेवेत प्रार्थना यंत्रवत झाली असेल तर कोणता उतारा अभ्यासावा?

मिरजेतल्या दवाखान्यांत रोज भेटी देत असाल, तर आठवडाभर बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातला फक्त 1:32-38 हा उतारा घ्या. मोठ्यानं दोनदा वाचा, येशूची क्रियापदं वहीत उतरवा. आदल्या संध्याकाळी दाराशी अख्खं गाव लोटलं होतं, तरी पहाटे तो प्रार्थनेसाठी एकांतात गेला. आणि सगळे शोधताहेत हे कळल्यावरही दुसऱ्या गावांकडे निघाला. इथं बराच वेळ थांबा. आपल्या कुठल्या भेटी देवानं सोपवल्यात, कुठल्या नुसत्या भिडेपोटी चालल्यात?

बहुतेकांचं बिघडतं ते उताऱ्यात रविवारच्या उपासनेत द्यायच्या संदेशाचे मुद्दे शोधल्यामुळे. मग वचन स्वतःला लागतच नाही.

नंतर कलस्सैकरांस पत्र (बायबलमधलं पौलाचं पत्र) 1:9-12 मधल्या विनंत्या एकेका रुग्णाचं नाव घेऊन करा. वहीत मात्र आजार लिहू नका.