वाचकांचे प्रश्न : जुन्या मशिनांवर स्मार्ट फॅक्टरी

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत माझे मशीन शॉप आहे. नऊ सीएनसी (संगणकी कंट्रोलच्या) लेथ, तीन व्हीएमसी (उभ्या मशीनिंग सेंटर), बहुतेक जुन्या. सगळ्या मशिनांना सेन्सर, सर्व्हर आणि आकडे स्क्रीनवर दाखवणारा डॅशबोर्ड असा एकत्र प्रस्ताव आला आहे. घ्यावा का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : एकदम सगळ्यांना लावू नका. ज्या मशिनपुढे माल साचतो ते आणि त्याच्या आगेमागची दोन, अशी तीनच निवडा. आधी दोन आठवडे कागदावर नोंद ठेवा : मशीन किती वाजता थांबले, किती वाजता सुरू झाले, कशामुळे. हा कागद नसेल तर उद्या स्क्रीनवरचा आकडा बरोबर आहे की नाही हे ताडून पाहायला हाती काहीच राहत नाही.

ओईई, म्हणजे मशीनची एकूण कार्यक्षमता (उपलब्धता, वेग आणि गुणवत्ता यांचा गुणाकार), हाताने काढून बघा. ४८० मिनिटांच्या शिफ्टमधून जेवण-चहाची ३० गेली, उरली ४५०. सेटिंग, बिघाड आणि मालाची वाट पाहण्यात ९० गेली, मशीन ३६० मिनिटे चालले : उपलब्धता ८० टक्के. सायकल टाइम दीड मिनिट, नग निघाले २०४, म्हणजे ३०६ मिनिटांचे काम : वेग ८५ टक्के. चांगले नग १९८ : गुणवत्ता ९७ टक्के. तिघांचा गुणाकार ६६ टक्के. इथे सर्वांत मोठी गळती थांबण्याच्या ९० मिनिटांत आहे. ती सेटिंगमुळे असेल तर पैसे आधी फिक्श्चर (जॉब धरणारी साधने) आणि टूल प्रीसेटिंगवर (टूलची मापे मशीनबाहेर आधीच लावून ठेवण्यावर) घाला, सेन्सर नंतर.

जोडणीसाठी टॉवर लॅम्पच्या (मशीनवरच्या रंगीत दिव्यांच्या खांबाच्या) हिरव्या दिव्याचा २४ व्होल्टचा सिग्नल स्वस्त आणि भरवशाचा. तो इंटरपोझिंग रिलेमधून (दोन सर्किट वेगळी ठेवणाऱ्या मधल्या रिलेमधून) गेटवेच्या, म्हणजे सिग्नल गोळा करून सर्व्हरकडे पाठवणाऱ्या डब्याच्या, डिजिटल इनपुटला द्या. गेटवेला वेगळा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) लावा. मशीनच्या २४ व्होल्ट सप्लायवर भार टाकला की कधीतरी मशीनच अलार्मवर जाते आणि दोष नव्या यंत्रणेवर येतो. हिरवा दिवा नेमका कधी लागतो हेही तपासा. काही मशिनांत तो ऑटो मोड निवडताच लागतो, सायकल सुरू नसली तरी.

नग मोजताना एक चूक हमखास होते. फानुक कंपनीच्या कंट्रोलवर एम३० (प्रोग्रॅम संपल्याचा कोड) आले की पार्ट काउंट एकाने वाढतो. सकाळचा वॉर्म-अप प्रोग्रॅमही एम३० वर संपत असेल तर तोही नग म्हणून धरला जातो, आणि एका सायकलमध्ये दोन नग निघत असतील तर मोजणी निम्मी येते. प्रत्येक प्रोग्रॅमनंबरपुढे ‘सायकलमागे किती नग’ हे आधी भरून घ्या.

संगणकी कंट्रोल नसलेली साधी जुनी लेथही असेल, तर तिच्यावर सीटी (करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर) बसवायचा मोह होतो. पण इंडक्शन मोटर रिकामी फिरतानाही बराच करंट घेते, त्यामुळे कटिंग चालू आहे की नुसते फिरते आहे हे अँपिअरवरून नीट कळत नाही. किलोवॅट मोजणारे मीटर घ्या, तिथे फरक स्पष्ट दिसतो. मोटर ड्राइव्हवर (वेग बदलणाऱ्या उपकरणावर) असेल तर मोजणी ड्राइव्हच्या इनपुट बाजूला करा. आउटपुटला, विशेषतः कमी वेगात, साधे सीटी चुकीचे वाचन देते.

थांबण्याची कारणे आठ-दहापेक्षा जास्त ठेवू नका. यादी लांबली की ऑपरेटर पहिलेच बटण दाबतो. तीन मिनिटांखालच्या थांब्याला कारण विचारूच नका, आपोआप नोंदू द्या. आणि या आकड्यांवरून कोणाचा पगार कापू नका. एकदा कापलात की पुढच्या महिन्यापासून खरी नोंद मिळणार नाही.

प्रश्न : वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात मेंटेनन्समध्ये आठ वर्षे आहे. स्मार्ट फॅक्टरीच्या क्षेत्रात सल्लागार व्हायचे आहे. काय शिकू?
— एक वाचक, अंबड, नाशिक

उत्तर : पॅनेल उघडून वायरिंग वाचता येते ही तुमची मोठी जमेची बाजू, नुसते सॉफ्टवेअर शिकून आलेल्यांना तेच जमत नाही. त्यावर मॉडबस, एमक्यूटीटी आणि ओपीसी यूए ही यंत्रांमधल्या संपर्काची भाषा, कामापुरते एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) आणि नोड-रेड (डेटा जोडणीचे सॉफ्टवेअर) चढवा. कारखाना किती स्मार्ट झाला आहे याच्या मूल्यमापनासाठी सिंगापूरने २०१७ मध्ये आणलेला ‘सिरी’ निर्देशांक अभ्यासा : प्रक्रिया, तंत्रज्ञान आणि संघटना या तीन भागांत १६ निकष, प्रत्येकाला ० ते ५ पातळी. पुण्यातील सी४आय४ लॅब केंद्र सरकारच्या ‘समर्थ उद्योग’ उपक्रमातून उभी आहे. तिथले प्रशिक्षण पाहा.

खरे कौशल्य मात्र उत्पादन, मेंटेनन्स आणि अकाउंट्स यांना एकाच आकड्यावर आणण्याचे आहे. मालकाला ओईईपेक्षा ‘या मशिनवर महिन्याला किती तास मोकळे होतील आणि त्यात कोणती ऑर्डर बसेल’ हे कळते. अहवाल तसाच लिहा.

पहिला अभ्यास फुकट करू नका. पैसे देऊन करून घेतलेल्या अभ्यासालाच कारखाना माणसे आणि वेळ देतो. उपकरण विक्रेत्याकडून कमिशन घेत असाल तर ग्राहकाला आधी लेखी सांगा. आमच्या मते घेऊच नये. करारात तीन गोष्टी हव्यातच : डेटा कारखान्याच्या मालकीचा, पासवर्ड आणि प्रोग्रॅमची प्रत कारखान्याकडे, आणि पायलट (पहिला छोटा प्रयोग) कोणत्या आकड्यावर यशस्वी मानायचा.

प्रश्न : आठ एनर्जी मीटर आरएस-४८५ वर, म्हणजे एकाच संपर्क केबलवर, जोडले आहेत. दोन-तीन मीटरचे वाचन अधूनमधून गायब होते. काय करू?
— एक वाचक, वाळूज

उत्तर : या क्रमाने पाहा. दोन मीटरना एकच स्लेव्ह आयडी (केबलवरचा मीटरचा क्रमांक) नाही ना? सगळ्यांचा बॉड रेट (संदेश पाठवण्याचा वेग) आणि पॅरिटी (चूक ओळखण्याची सेटिंग) एकच आहे ना? मग केबल : एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी सलग रांग हवी, मधून फाटे नकोत. फक्त दोन टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर. मधल्या मीटरवर लावलेले असतील तर काढा. केबलची शील्ड (तारांभोवतीचे धातूचे आवरण) एकाच टोकाला अर्थ करा. ड्राइव्हच्या मोटर केबलबरोबर एकाच ट्रेमधून ही केबल गेली असेल तर ती वेगळी काढा. मोठी मोटर चालू होतानाच मीटर गायब होत असतील तर सुरुवात इथूनच करा.