विधानसौधाला सदस्य नसतात

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीच्या एका माध्यमिक शिक्षिकेने विचारले आहे की, स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेत प्रमुख पाहुण्यांच्या नावाखाली ‘सदस्य, विधान सौधा’ असे छापून आले. पाहुणे शिक्षक मतदारसंघातून निवडून आलेले आहेत. तेव्हा हे बरोबर आहे का, आणि नसल्यास विधानसभा, विधानपरिषद व विधिमंडळ यांपैकी नेमके काय लिहावे?

बरोबर नाही. विधानसौध हे विधिमंडळाच्या इमारतीचे नाव आहे, सभागृहाचे नव्हे. शिक्षक मतदारसंघ फक्त विधानपरिषदेला असतो, म्हणून ‘सदस्य, कर्नाटक विधानपरिषद’ एवढेच लिहावे. ‘आमदार’ लिहिले तरी चालेल, कारण मराठीत दोन्ही सभागृहांच्या सदस्यांना आपण आमदारच म्हणतो. राज्यघटनेच्या 168व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्यपाल आणि सभागृहे मिळून राज्याचे विधानमंडळ होते, म्हणजे विधानसभा हा त्याचा एक भाग आहे, ते संपूर्ण मंडळ नव्हे. कर्नाटकाच्या विधानसभेत 224 सदस्य आहेत आणि ते सगळे थेट मतदानाने येतात. पूर्वी राज्यपाल एक अँग्लो-इंडियन सदस्य नेमू शकत असत, ती तरतूद 2020 मध्ये संपली. विधानपरिषदेचे सदस्य 75. त्यांपैकी 25 जणांना विधानसभेचे सदस्य निवडतात, 25 जणांना स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य, 7 जणांना पदवीधर, 7 जणांना शिक्षक, आणि 11 जणांना राज्यपाल नामनिर्देशित करतात. बेळगाव, विजापूर आणि बागलकोट या तीन जिल्ह्यांचा मिळून वायव्य शिक्षक मतदारसंघ आहे. प्रश्न विचारणाऱ्या बाईंचे नाव त्याच्या यादीत असणार. ‘विधिमंडळ’ आणि ‘विधानमंडळ’ यांत राज्यघटनेच्या मराठी अनुवादाने दुसरा शब्द घेतला आहे, वर्तमानपत्रे पहिला वापरतात; दोन्ही ‘वि’ उपसर्ग आणि ‘धा’ धातूपासून झालेले आहेत, त्यावरून वाद घालण्यासारखे काही नाही.

वाद घालण्यासारखे आहे ते ‘सौधा’ या रूपाबद्दल. बेळगावजवळ हलगा-बस्तवाड येथे 2012 साली सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन झाल्यापासून दर हिवाळी अधिवेशनाला हा शब्द आमच्या कानांवर आदळतो, आणि दरवर्षी तो अधिकच बिघडलेला असतो. ‘सौधावर मोर्चा’ ठीक आहे, कारण तेथे ‘वर’ लागल्यामुळे सामान्यरूप झाले आहे. परंतु ‘सुवर्ण सौधा सज्ज’ या मथळ्याला कसलाही आधार नाही. कन्नड माणूस ‘सौध’ म्हणताना शेवटचा ‘अ’ पुरता उच्चारतो, आपण मराठीत तो गिळतो. त्यातच रस्त्यावरच्या इंग्रजी पाटीवर शेवटी ‘ए’ हे अक्षर दिसते, आणि आपण ‘योग’चा ‘योगा’ केला तसा ‘सौध’चा ‘सौधा’ करून बसलो. त्याहून मोठी चूक म्हणजे इमारतीचे नाव सभागृहाला देणे. तिचे मूळ मला तालुक्याच्या कचेरीत दिसते. आपल्याकडे तहसीलदार कचेरीच्या नव्या इमारतीला ‘मिनी विधानसौध’ म्हणण्याची रीत पडली, माणसे तेथे उतारा काढायला आणि जातीचा दाखला मागायला जाऊ लागली, आणि जेथे विधान म्हणजे कायदा कधीच होत नाही अशा जागेलाही ‘विधान’ हा शब्द चिकटला. शब्दाचा अर्थ एकदा असा पातळ झाला की ‘विधानसौधाचे सदस्य’ म्हणायला जीभ अडखळत नाही.

आता मूळ ‘सौध’ पाहावा. संस्कृतात ‘सुधा’ म्हणजे अमृत हे सर्वांना ठाऊक आहे, परंतु सुधा म्हणजे चुना, भिंतीला द्यायचा चुन्याचा गिलावा, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ‘शिव’पासून ‘शैव’ होतो त्याच रीतीने आद्य स्वराची वृद्धी होऊन, म्हणजे ‘उ’चा ‘औ’ होऊन, ‘सुधा’पासून ‘सौध’ झाला. सुधेने लिंपलेले ते सौध, म्हणजे चुनेगच्ची वाडा. खानापूर तालुक्यातल्या माझ्या आजोळी देवळामागे चुन्याची जुनी घाणी अजून आहे. जमिनीत गोल दगडी चर, त्यात कमरेइतके उंच दगडी चाक, आणि चाकाच्या मधल्या भोकाला आडव्या दांड्याच्या घर्षणाने आलेली गुळगुळीत झळाळी. मुरवलेला चुना आणि वाळू त्या चरात टाकून बैल तासन्‌तास फिरवीत. तो गिलावा भिंतीला देऊन इतका घोटीत की हात फिरवला तर शंखावरून फिरवल्यासारखा वाटावा. अशी घोटलेली पांढरी भिंत उन्हात लांबून चमकते, आणि तिच्यावरूनच वाड्याला सौध हे नाव पडले. बंगळूरचा मूळ विधानसौध, जो 1956 साली पुरा झाला, तो तर ग्रॅनाइटचा आहे आणि त्याच्या दर्शनी दगडाला गिलाव्याची गरजही नाही.

कोशकार चुन्याची सुधा आणि अमृताची सुधा एकाच नोंदीत घालतात, तिचा उगम ‘धे’ म्हणजे पिणे या धातूत दाखवतात, आणि दोन्ही पांढरे म्हणून एक शब्द झाला, असे त्यावर म्हणता येईल. मला हे पटत नाही. चंद्राला सुधांशू म्हणतात हे खरे, पण चुना कोणी पीत नाही, आणि गवंड्याच्या रोजच्या वस्तूला देवांच्या पेयाचे नाव कवीने दिले असेल, गवंड्याने नव्हे. माझे मत असे की चुन्याची सुधा ही ‘सु’ आणि ‘धा’ म्हणजे ठेवणे, बसवणे या धातूपासून स्वतंत्रपणे झालेली आहे: चांगली बसवलेली, नीट लावलेली ती सुधा. गिलाव्याचा सारा गुण तो भिंतीवर नीट बसण्यात असतो. हे मान्य केले तर ‘विधान’ आणि ‘सौध’ एकाच धातूची भावंडे ठरतात. एकात नियम नेमून ठेवलेला असतो, दुसऱ्यात चुना बसवलेला असतो. कोशांतली नेहमीची व्युत्पत्ती ही नव्हे हे मी जाणतो, तरीही कोशांनी या दोन अर्थांमधला पूल कसा झाला हे पुराव्यानिशी दाखवेपर्यंत मी ते सोडणार नाही.

सौध हा कन्नड शब्द असल्यामुळे मराठीत तो घेऊच नये, असे आमच्याकडचे काही भाषाभिमानी आग्रहाने लिहितात. त्यांचे सीमाप्रश्नावरील दुःख माझेही आहे, पण शब्दाच्या बाबतीत ते साफ चुकतात. सौध जितका कन्नडचा तितकाच मराठीचा आहे. आपल्या कोशांत तो वाडा आणि गच्ची या अर्थांनी आहे, आणि सौधावर उभ्या राहिलेल्या नायिका मराठी वाचकाला परक्या नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक विचाराचा आहे. ‘सदन’ हीदेखील वास्तूच. मग ‘सदनाचे सदस्य’ चालतात तर ‘सौधाचे’ का चालू नयेत? कारण ‘सदन’ हा शब्द ‘सद्’ म्हणजे बसणे या धातूचा आहे. बसण्याची जागा ते सदन, यज्ञमंडपातल्या सदस् नावाच्या जागी बसणारा ऋत्विज, म्हणजे यज्ञातला पुरोहित, तो मूळचा सदस्य, सभोवार बसतात ती परिषद, एकत्र बसतात ती संसद, सभेत बसतो तो सभासद. प्रासादातही हाच सद् आहे. या सर्व शब्दांत माणसे बसलेली आहेत. सौधात फक्त भिंतीवरचा चुना आहे, म्हणून त्याला सदस्य असू शकत नाहीत. सभा ही मात्र महाभारतात मयासुराने बांधलेली वास्तूही होती आणि तिच्यात जमलेला समाजही होता. हा दुसरा अर्थ तिला वेदकाळापासून आहे, सौधाला तो कधीच नव्हता. अथर्ववेदात सभा आणि समिती या प्रजापतीच्या दोन मुली म्हटल्या आहेत. समिती म्हणजे एकत्र येणे. बेळगावात नुसते ‘समिती’ म्हटले की महाराष्ट्र एकीकरण समितीच समजतात, त्या गावात सभेच्या या बहिणीचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

पत्रिका पुन्हा छापायची झाल्यास शाळेने ‘विधानपरिषद’ एका शब्दात लिहावे. अधिवेशनाची बातमी लिहिताना इमारत ‘विधानसौध’, तिच्या आत ‘विधानसौधात’, तिच्याकडे ‘विधानसौधाकडे’ असे लिहावे; ‘सौधा’ हे रूप प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागल्याशिवाय येत नाही.