भारत २०२७ च्या फुटबॉलच्या आशियाई चषकाला पात्र का ठरला नाही? परदेशस्थ भारतीय वंशाचे खेळाडू असते तर फरक पडला असता का?

थोडा पडला असता. पण ‘ओसीआयवाल्यांना खेळू देत नाहीत म्हणून आपण हरलो’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं, म्हणून जरा ऐसपैस लिहितोय. (ओसीआय म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, परदेशी पासपोर्ट असलेले भारतीय वंशाचे लोक.) तुमच्या पुतण्याचं जे विचारलंय (जन्म ब्रिटनचा, ओसीआय कार्ड, सध्या पुण्यात अकादमीत, खेळतो पुढे) त्याचं शेवटी सांगतो.

हिशोब आधी उरकून टाकू. सौदीत होणाऱ्या या स्पर्धेत २४ संघ. त्यातले १८ विश्वचषक पात्रतेच्या दुसऱ्या फेरीतूनच ठरले. आपणही तिथूनच गेलो असतो, पण मार्च २०२४ मध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२ हरलो आणि जूनमध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध ०-०. दोहात कतारला रेषेबाहेर गेलेल्या बॉलवर गोल दिला गेला, त्याचं रडगाणं अजून चालू आहे. गुवाहाटीचं मात्र कोणी नाव काढत नाही. उरलेल्या ६ जागांसाठी ६ गट, प्रत्येकात ४ संघ, आणि फक्त पहिला आत. आपल्या वाट्याला सिंगापूर, हाँगकाँग, बांगलादेश. लोक म्हणाले सोपा गट आहे. म्हणणारच, जून २०२२ मध्ये याच हाँगकाँगला आपण कोलकात्यात ४-० ने धुतलं होतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. शिलाँगला बांगलादेशशी ०-०, हाँगकाँगमध्ये ०-१ आणि तोही भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर, सिंगापुरात १-१, फातोर्ड्याला (मडगावच्या स्टेडियमवर) पुन्हा सिंगापूरकडून १-२, ढाक्यात बांगलादेशकडून ०-१. पाच सामन्यांत पाच गोल खाल्ले, मारले दोन. पाचांत पाच खाणारा संघ बचावामुळे बाद होत नाही. आपल्याला गोल मारणारा माणूस नाही, एवढंच या प्रश्नाचं उत्तर आहे. तो का नाही, हे मात्र मला घरातूनच माहीत आहे.

मी बांद्याचा. आजोळ पेडण्याला, म्हणजे पत्रादेवीचा नाका ओलांडला की मामाचं घर. मामाचा धाकटा मुलगा, आमचा मामेभाऊ, हा मी जवळून पाहिलेला सगळ्यात चांगला सेंटर फॉरवर्ड, म्हणजे गोल मारणारा नऊ नंबरवाला. आपला आहे म्हणून म्हणत नाही. भात कापून झालेल्या शेतात खेळायचे तेव्हाही त्याची एक खोड होती. विंगवर बॉल गेला की बाकीची पोरं बॉलकडे बघत गोलाकडे धावायची. हा आधी दोन पावलं मागे, डिफेंडरच्या पाठीकडे सरकायचा, त्याच्या नजरेआड व्हायचा, आणि क्रॉस सुटला की पुढच्या पोस्टवर हजर. कोणी शिकवलं नव्हतं. अशी पोरं शिकवून होत नाहीत, त्यांना फक्त त्या जागेवर खेळू द्यावं लागतं.

नाही खेळू दिलं. गोव्यातल्या एका क्लबच्या अठरा वर्षांखालच्या संघात त्याची निवड झाली. ट्रायलला मीच स्कूटरवरून घेऊन गेलो होतो. दोन हाफमध्ये पोराने गोल मारले, कोच खूश. आणि संघाची यादी वाचताना त्याच्या नावापुढे राइट बॅक, म्हणजे उजवीकडचा बचावपटू. कारण काय, तर पोरगा वेगात पळतो, आणि वरच्या संघात पुढच्या दोन्ही जागा परदेशी खेळाडूंच्या आहेत, कायमच असणार आहेत, तेव्हा बॅकला तयार झालास तर निदान बाकावर तरी बसशील. कोच वाईट माणूस नव्हता हो, व्यवहाराचंच बोलत होता. नऊ नंबरची जर्सी परत घेतली, दोन नंबरची दिली. ती त्याला ढगळ होत होती, बाह्या दुमडून घातली.

मग २०१६ साल आलं. साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्यातल्या क्लबांनी आय-लीग (तेव्हाची देशाची मुख्य लीग) सोडली, मागोमाग धेंपोही गेले. पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलेला धेंपो राज्याच्या लीगपुरता उरला, तर पेडण्याच्या पोराने कुठे जायचं? वर जाणारी शिडीच काढून घेतली. बाहेरच्यांना यातलं काहीच माहीत नसतं, ते टीव्हीवर आयएसएल (इंडियन सुपर लीग) बघतात आणि विचारतात, गोव्यातून आता पूर्वीसारखे खेळाडू का येत नाहीत.

मामा सुरुवातीपासून विरोधातच होता. ‘फुटबॉलान पोट भरतला काय रे?’ हे त्याचं ठरलेलं वाक्य, आणि ते माझ्याकडे बघून म्हणायचं, कारण पोराच्या डोक्यात हे खूळ मी भरलं असं त्याचं मत. शेवटी आजोबांच्या जन्माच्या कागदावर पोर्तुगीज पासपोर्ट निघाला. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्याच्या नातवापर्यंत तो निघतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माझ्या आईचा जन्मही पेडण्याचाच, मलाही मिळाला असता. मला नको होता. पोरगा गेला इंग्लंडला. स्विंडनला अर्धा गोवा आहेच, तिथेच गोदामात कामाला लागला. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व आपोआप जातं, त्यामुळे आता तोसुद्धा ओसीआय. म्हणजे तुम्ही ज्याला ‘परदेशस्थ भारतीय वंशाचा खेळाडू’ म्हणता तो आमच्या घरी हा आहे. रविवारी कुठल्याशा पब लीगमध्ये खेळतो. नऊ नंबर घालून.

२०२५ च्या ऑक्टोबरात तो सुट्टीवर आला होता आणि १४ तारखेला फातोर्ड्याला सिंगापूरविरुद्ध सामना. गेलो दोघे. झुआरीचा नवा पूल झाल्यापासून मडगाव जवळ आलंय. स्टेडियमबाहेर गाड्यावर रोस ऑम्लेट खाल्लं, आत गेलो. पाच दिवसांआधी सिंगापुरात आपला बचावपटू झिंगनला रेड कार्ड मिळूनही दहा जणांनी ९० व्या मिनिटाला बरोबरी साधली होती, रहीम अलीचा गोल. खालिद जमीलसारखा मुंबईच्या मैदानांवर मुरलेला आपला माणूस कोच. आशा होती. आणि १४ व्या मिनिटाला आपला विंगर छांगटेने जो काय लांबून मारला! शेजारच्या काकांनी मला मिठी मारली, ओळख ना पाळख.

मामेभाऊ उठला नाही. म्हणजे टाळ्या वाजवल्या, पण बसून. म्हणाला, ‘दादा, गोल बरो आसा. पूण बॉक्सांत कोण नासलो.’ गोल चांगला आहे, पण बॉक्समध्ये कोणी नव्हतं. मी म्हटलं गप रे, गोल झालाय.

हाफ टाइमच्या तोंडावर ४४ व्या मिनिटाला साँग उई-यंगने बरोबरी केली, ५८ व्या मिनिटाला त्यानेच दुसरा मारला. साँग हा जन्माने दक्षिण कोरियाचा, सिंगापूरच्या लीगमध्ये वर्षानुवर्षं खेळून तिथला नागरिक झालेला. हाँगकाँगमध्ये आपल्याला बुडवणारी पेनल्टी मारणारा स्टेफान परेरा मूळचा ब्राझीलचा. तेव्हा शेजारचे काका (मिठीवाले) तापले. ‘बघा, सगळे आयात केलेले! आपल्याकडे नियमच आडवा येतो, नाहीतर इंग्लंडमधली आपली पोरं आणली असती.’ मी मामेभावाकडे बोट दाखवून म्हटलं, काका, हा घ्या, इंग्लंडमधलाच आहे. काकांना वाटलं चेष्टा करतोय.

नंतरचा अर्धा तास मी सामना कमी आणि याच्याकडे जास्त बघितलं. बॉल विंगला गेला की त्याचा खांदा आपसूक वळायचा, दोन पावलं मागे सरकल्यासारखा. मग खाली बघून मान हलवायचा. पुढे आपला सुनील छेत्री होता. ४१ वर्षांचा. जून २०२४ मध्ये कोलकात्यात हारतुरे घेऊन निवृत्त झालेल्या माणसाला मार्च २०२५ मध्ये परत बोलवावं लागलं, कारण एवढ्या मोठ्या देशात दुसरा मिळेना. छेत्रीबद्दल मी एक अक्षर वाकडं बोलणार नाही. लाज त्याला बोलवणाऱ्यांना वाटायला हवी.

आता आकडे बघा. आयएसएल २०१४ ला सुरू झाली. २०२४-२५ च्या मोसमापर्यंत गोल्डन बूट (मोसमात सर्वांत जास्त गोल मारणाऱ्याचा मान) एकदाही भारतीय खेळाडूकडे गेलेला नाही. एलानो, मेंडोझा, मार्सेलिन्हो, आमचा लाडका कोरो, ओग्बेचे, डायमंटाकोस, शेवटी २३ गोलांसह मोरोक्कोचा अजारी. त्या मोसमात भारतीयांमध्ये सर्वांत जास्त गोल कोणाचे? छेत्रीचे, १४. सुरुवातीच्या मोसमांत मैदानावर सहा परदेशी चालायचे, मग पाच, २०२१ पासून चार. चार म्हणजे कमी वाटतात, पण ते चार कुठे खेळतात बघा: एक मधल्या बचावात, एक-दोन मिडफिल्डला आणि एक हमखास नऊ नंबरला. क्लबचं चूक नाही, पैसे ओतलेत तर गोल विकतच घेणार. त्याची किंमत राष्ट्रीय संघ भरतो. २०२३ च्या आशियाई चषकात (खेळला गेला जानेवारी २०२४ मध्ये) तीन सामन्यांत आपला एकही गोल नाही, आठवतंय ना?

म्हणून ओसीआय प्रकरणाबद्दल माझं मत कडू आहे. सरकारच्या २००८ च्या धोरणाने फक्त भारतीय पासपोर्टवाल्यालाच खेळता येतं. बदला ते, माझी हरकत नाही. बांगलादेशने इंग्लंडमध्ये वाढलेल्या हमझा चौधरीला आणलं, शिलाँगला आपल्याविरुद्धच पदार्पण केलं त्याने, आणि मिडफिल्डमध्ये तो काय चीज आहे ते दिसलं. पण तुम्ही बाहेरून आणलेला पोरगा आल्यावर खेळणार कुठे? याच लीगमध्ये. पुन्हा त्याला बाकावर बसवणार किंवा राइट बॅक करणार. घरच्या विहिरीवर झाकण टाकायचं आणि टँकर मागवायचा, असला प्रकार.

काही गोष्टी उलट बाजूच्याही आहेत, त्या नाकारत नाही. हाँगकाँगमध्ये आपल्या आशिक कुरुनियनला पहिल्या हाफमध्ये मिळालेली संधी गेली नसती तर कदाचित मी हे लिहीत नसतो. आधीचे कोच मानोलो मार्केझना एकाच वेळी एफसी गोवा आणि देश दोन्ही सांभाळायला देणं हा शुद्ध अर्धवटपणा होता, मी एफसी गोवाचा चाहता असूनही सांगतो. आणि फातोर्ड्याच्या सामन्याच्या वेळी आयएसएलचा पत्ताच नव्हता, लीग चालवण्याच्या हक्कांचा करार लटकलेला. मोसमच सुरू न झालेले खेळाडू घेऊन खालिदभाई तरी काय करणार? शिवाय माझा मामेभाऊ भारताकडून खेळला असता, असं मी म्हणत नाही. आय-लीगपर्यंत पोचला असता, एवढं मात्र नक्की. मामाला हेही मान्य नाही. त्याच्या मते पोराने वेळीच पासपोर्ट घेतला म्हणून आज पेडण्यात दुमजली घर उभं आहे. घर उभं आहे, खरं आहे. पण मामा, फुटबॉलने पोट भरत नाही हे त्याला फुटबॉल खेळूच न देता तुला कसं कळलं? दर गणपतीत हा वाद होतो, दर वेळी मामी मोदक वाढून थांबवते.

आता तुमचा पुतण्या. ओसीआय कार्डावर भारताकडून खेळता येणार नाही. वयाची अठरा पूर्ण असतील, ओसीआय म्हणून नोंद होऊन पाच वर्षं झाली असतील आणि अर्जाच्या आधी सलग बारा महिने इथे राहिला असेल तर भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, पण ब्रिटिश पासपोर्ट सोडावा लागेल. बंगळुरू एफसीच्या रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडलाच की. त्याआधी जपानमध्ये जन्मलेला, पुणे एफसीकडून खेळणारा अराता इझुमी तसाच भारतीय झाला आणि भारताकडून खेळला. दोघेही तेव्हा मुरलेले व्यावसायिक होते. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराचा पासपोर्ट आजच सोडायची काहीही गरज नाही, कोणी सांगितलं तरी ऐकू नका.

त्याआधी एक काम करा. पुढच्या शनिवारी अकादमीत जाऊन सामना बघा आणि कोचने त्याला कुठे उभं केलंय ते बघा. पुढे असेल तर उत्तम, खेळू द्या. ‘वेग आहे, बॅकला छान होईल’ असं काही ऐकू आलं तर त्याच आठवड्यात दुसरी अकादमी शोधा, फी बुडाली तरी चालेल. पुण्यात अकादम्यांना तोटा नाही.